उसना दिलेला ठप्पा

हल्ली संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी लढाई लागते. सून भाजी निवडत असते, नात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असते, आणि टीव्हीवर कोट घातलेला एक माणूस आत्ताच तोफेत दारू भरून आल्यासारखा ओरडत असतो. लढाया कुठल्या कुठल्या देशांच्या. त्यातल्या निम्म्या देशांची नावं आमच्या शाळेच्या नकाशात नव्हती. क्षेपणास्त्र उडतं, ते हळू करून पुन्हा दाखवतात, खाली संगीत वाजतं, मग साबणाची जाहिरात लागते. नात मधेच मान वर करून विचारते, "आजोबा, ये कौन जीत रहा है?" क्रिकेटचा सामना चालू असल्यासारखं. तिच्यावर मी चिडत नाही. चिडतो त्या कोटवाल्यावर, आणि रोज सातला न चुकता टीव्ही लावणाऱ्या स्वतःवर.

परवा एका पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून एक माणूस लोखंडाचा वाकलेला तुकडा उचलून कॅमेऱ्याला दाखवत होता. त्याच्या पाठीमागे बाया रडत होत्या. मी खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि टीव्हीला नाक लागेल इतका वाकलो. नात म्हणाली, "इतना क्या देख रहे हो?" मी म्हणालो, "ठप्पा." तिला काही समजलं नाही. सुनेला वाटलं, म्हातारा आता भरकटायला लागला. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी ऐंशीला टेकलो आहे. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, असं आमचं तीन पिढ्यांचं चाललं. नातीला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र ती हिंदीत देते. मी इथल्या एका संरक्षण कारखान्यात तपासनीस होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते माझं आहे, कारखान्याचं नाही. शहरात असे कारखाने बरेच. आमच्या तरुणपणी सकाळी भोंगे लागोपाठ वाजायचे आणि सगळ्या रस्त्यांवर सायकलीच सायकली व्हायच्या. सिव्हिल लाइन्सकडचे साहेबलोक मोटारीतून जाताना आम्हाला वाट द्यायला थांबायचे. दिवसातनं तेवढाच वेळ आमचा रुबाब.

माझं काम सांगायला सोपं होतं. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज बसतो. गोळा कधी फुटायचा ते तो ठरवतो. त्या फ्यूजचा एक पितळी भाग आमच्या विभागात बनायचा. तो सुपारीएवढा असायचा आणि त्याच्या मधोमध एक भोक. त्या भोकात गेज घालून बघायचं. गेज म्हणजे पोलादाची मापाची काडी, दोन टोकांची. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं तर भोक सैल आहे, आणि सैल भोकातली पिन वेळेआधी सरकते. मग गोळा शत्रूपर्यंत पोचायच्या आधी आपल्याच तोफेच्या नळीत फुटू शकतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. शिकवणाऱ्यानं तोफेच्या आजूबाजूला चार काड्यांची माणसं काढली होती आणि मग ती डस्टरनं पुसून टाकली होती. एवढं पुरलं आम्हाला.

भाग बरोबर निघाला की त्यावर ठप्पा मारायचा. ठप्पा म्हणजे बोटाएवढी पोलादी खुंटी, टोकाला उलटा कोरलेला आकडा. माझा आकडा एक्केचाळीस. तो भागावर धरून वरून छोट्या हातोडीनं एक टिचकी द्यायची. सकाळी खिडकीवर आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि ठप्पा घ्यायचा, सुटताना ठप्पा द्यायचा आणि बिल्ला परत घ्यायचा. जेवायला जाताना तो खिशात, लघवीला जाताना खिशात. मशीन दुसऱ्याला देता येत असे, टेबल देता येत असे, स्वतःचा डबासुद्धा. ठप्पा कोणाला द्यायचा नाही. तो हरवला तर नोकरी गेली असं समजायचं, आणि उसना दिला तर काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कोणी करत नसे. निदान कोणी सांगत नसे.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर काम वाढलं. आठ तासांचे बारा झाले, रविवार गेला, दिवाळी कधी आली आणि गेली ते दारातल्या पणत्यांवरून कळलं. लढाई होणार हे वर्तमानपत्राच्या आधी आम्हाला माहीत होतं, कारण तपासायला येणाऱ्या भागांचे ट्रे वाढले होते. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको नागपूरची, बोलघेवडी, सिनेमाची भारी हौस. तिला मी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आणून बसवलं होतं आणि स्वतः उठून कामावर, येऊन झोपायला. तिच्या पाठचा एकुलता एक भाऊ तोफखान्यात होता. ऑक्टोबरात त्याची तुकडी पश्चिमेच्या सरहद्दीवर गेली. त्याचं पत्र आलं की ती ते तीनदा वाचायची, मग मला वाचायला लावायची, आणि मी एखादी ओळ गाळली तर लगेच पकडायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओमतीजवळच्या टॉकीजला एक नवा सिनेमा लागला. त्याची गाणी आधीपासून सगळ्या शहरात वाजत होती. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, आमच्या क्वार्टरांच्या रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक दिवस डबा भरता भरता बायको म्हणाली, "सगळ्यांनी पाहून टाकला. मीच उरली." हट्ट करत नव्हती ती. पण डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर शहपुऱ्याचा एक तपासनीस होता. शेतकऱ्याचा मुलगा, घरचे मटाराचे मळे. आम्ही पाच वर्षं एकमेकांचे डबे खाल्ले होते. त्याला मी सहज सांगितलं. तो हसला. "अरे भैया, तो जाओ ना. भाभी को घुमा लाओ. तीन से छह, कितनी देर है?"

"अन् हे ट्रे?" मी विचारलं.

"मैं देख लूंगा."

ट्रे पडून राहिले तर फोरमन लवकर सुटायचा पास देणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि माझे ट्रे निघायला माझाच ठप्पा हवा. पासवर मी कारण लिहिलं, बायकोला दवाखान्यात न्यायचं आहे. मग खिशातनं ठप्पा काढला आणि त्याच्या टेबलावर त्याच्या ठप्प्याशेजारी ठेवला. इकडं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. इतकं सोपं होतं ते. सुटताना त्यानं खिडकीवर दोन ठप्पे एकाच हातानं दिले, दोन्ही बिल्ले घेतले, आणि खिडकीतल्या कारकुनाला ते दिसले नसतील असं नाही, पण तोही बारा तास बसलेला होता.

टॉकीजमध्ये बायको इतकी खूश होती की तिनं आत जाण्यापूर्वीच मला दोनदा गाण्यांचा क्रम सांगितला. दिवे गेले आणि आधी समाचारचित्र लागलं. तेव्हा सिनेमाआधी सरकारी समाचारचित्र असायचंच. लोक त्यात शेंगा सोलून घ्यायचे. पण त्या दिवशी थेटर गप्प झालं, कारण पडद्यावर सरहद्द होती. वाळू, गाड्या, चहा पिणारे जवान. मग तोफा. सराव चालला होता बहुतेक. एक जवान गोळा छातीशी धरून आणतो, दुसरा नळीत ढकलतो, तिसरा कान झाकून मागं सरकतो. बायकोनं माझा हात घट्ट धरला. "अहो, तो बघा, डावीकडचा! तोच आहे ना?" पुढच्या दृश्यात पुन्हा, "हा, हा बघा." प्रत्येक जवान तिला भाऊ दिसत होता. मी जवानांकडं बघतच नव्हतो. मी गोळ्याच्या टोकाकडं बघत होतो. तोफ मागं उसळली, सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं, आणि मी मनात ट्रे मोजायला लागलो. चार ट्रे माझे आणि तीन त्याचे. तीन तासांत. एका माणसाच्या हातून एवढं काम होत नाही. हे मला दुपारी टेबलाशी उभं असतानाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलं होतं.

सिनेमात काय झालं ते मला आजही माहीत नाही. त्यातली गाणी अजून लागतात, नात त्यांची नवी आवृत्ती मोबाइलवर ऐकते, मोठा ढोल घातलेली. मी उठून गच्चीत जातो. घरातल्यांना वाटतं, आजोबांना नवं संगीत आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलं रिकामी होती. ट्रे रवाना झाले होते. शहपुऱ्याच्या त्या पठ्ठ्यानं माझ्यासाठी पिशवीभर कोवळा मटार आणला होता. मी विचारलं, "हर पीस में गेज डाला था?"

तो म्हणाला, "अच्छा, अब हिसाब लोगे? माल अच्छा था भैया. आँख से दिख जाता है." मग माझा चेहरा पाहून जरा आवाज उतरवला. "दस में एक डाला. सब ठीक निकले."

दहात एक. उरलेल्या नवांवरही माझा आकडा होता. मी त्याच्यावर ओरडू शकत नव्हतो, कारण त्यानं माझ्यावर उपकारच केला होता, आणि तो मटार घरी नेऊन बायकोनं त्याची उसळ केली आणि मी ती खाल्ली. आठवडाभर मी मूग गिळून बसलो. स्वतःला समजावत होतो, मशीन चांगली आहे, त्या आठवड्यात मी स्वतः तपासलेल्या मालात सैल भोकाचे भाग किती निघाले? एखाददुसरा. म्हणजे त्या ट्रेंमध्येही एखाददुसराच. मग लक्षात यायचं, की तोफेच्या नळीत एकच पुरतो.

आणि लढाई लागली. रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा आम्ही खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवत होतो, तसा हुकूम आला होता. बायकोच्या हाताला खळ लागली होती. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता त्याच्या तोफा खऱ्या चालतील." मी तिच्याकडं बघू शकलो नाही. तेवढ्यात ठरवलं, सकाळी सांगायचं.

आमचा फोरमन मराठीच, जुन्या जबलपुरी घरातला, शिस्तीचा. गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. मी त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, गेल्या आठवड्यातले चार ट्रे परत मागवायला पाहिजेत. माझ्या ठप्प्याचे."

"काहून?"

"प्रत्येक भाग गेज झाला नाही त्यातला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "तू पाहिलं का, नाही झाला ते?"

"मी नव्हतो साहेब. तीनला गेलो होतो."

"मंग ठप्पा कोणी मारला?"

मी खिशातला ठप्पा चाचपला. त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं. मग समोरच्या गठ्ठ्यातनं माझा पास शोधून काढला, वाचला. "दवाखाना लिहिलं आहे. बायको कशी आहे आता?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"मंग झालं तर. काल लढाई लागली, अन् तू मले लॉट थांबवायले सांगून राहिला. न पाहिलेल्या गोष्टीसाठी." त्यानं पास पुन्हा गठ्ठ्यात सारला. "दोघंही घरी बसाल. तुरुंगातही जाल. जा, टेबलावर काम पडलं आहे."

फोरमनला मी वाईट म्हणत नाही. त्याला वरून रोज विचारणा होत होती. मला लिहायचं आहे ते वेगळं. त्याच्या खोलीतून बाहेर पडताना माझा जीव भांड्यात पडला. मी सांगितलं होतं, आता जबाबदारी त्याची, असं मी दारातून टेबलापर्यंत चालता चालता ठरवून टाकलं. खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं. मित्राचं नाव घेतलं नाही, सिनेमा सांगितला नाही, त्यानं दुसऱ्यांदा विचारायच्या आत मी "बरी आहे" म्हणून मोकळा झालो. एवढ्याशा हलकेपणाची मला अजून लाज वाटते. ठप्पा देण्याची वाटते त्याहून जास्त.

पुढचे दोन आठवडे मी प्रत्येक भागात दोनदा गेज घातला. माझं काम मागं पडायला लागलं, शेजारचा चिडवायचा, "भैया, पूजा कर रहे हो क्या?" घरी बायको रेडिओ सोडत नव्हती. पोस्टमनची सायकल रांगेत वळली की ती फाटकाशी, आणि मी घरी असलो तर आतल्या खोलीत. ती ताटावर बसून म्हणायची, "तुम्ही काहून जेवून नाही राहिले? भाऊ माझा, अन् उपास तुम्ही करून राहिले." तिला वाटायचं, माझा तिच्या भावावर किती जीव. होताही. पण मला भीती होती ती तार येण्याची, आणि तार आलीच तर मला जे कळेल ते तिला कधीच कळणार नाही याची.

तार आली नाही. लढाई संपली, कारखान्याच्या फाटकावर पेढे वाटले, बारा तासांचे पुन्हा आठ झाले. आठ दिवसांनी मेहुण्याचं कार्ड आलं. बायको रडली, मीही रडलो, शेजारपाजारच्यांनी माझं कौतुक केलं.

फेब्रुवारीत तो रजेवर आला. अंगणात उन्हाला बसून त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करून, जसे जवान सांगतात. आणि त्यात, पुढची गोष्ट सांगण्याच्या घाईत, हेही सांगितलं. "शेजारच्या तोफेत गोळा नळीतच फुटला. चार जण गेले."

बायकोनं विचारलं, "आपलाच गोळा?"

"आपलाच. होतं कधी कधी." मग त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात मारला. "भाऊजी, तुमच्याकडचा नव्हे हो! देशात काय एकच फॅक्टरी आहे?" दोघं बहीणभाऊ हसले. मीही हसलो. ती चार माणसं मी ओळखत होतो. फळ्यावरून पुसलेली होती ती.

विचारायचं तर त्याच दिवशी विचारायचं होतं, कोणत्या तारखेला, कोणता फ्यूज. एका वाक्यात काम झालं असतं. मी विचारलं नाही. मग ते विचारण्याची वेळ निघून गेली. अशा गोष्टींची वेळ एकदा गेली की विचारणारा वेडा दिसतो.

नोकरी मी पुरी केली. शहपुऱ्याच्या मित्रानं काही वर्षांनी नोकरी सोडली आणि मळे बघायला गेला. आमच्यात त्या दुपारबद्दल पुन्हा शब्द निघाला नाही. त्यानं निरोपाला मटारच आणला होता.

निवृत्तीनंतर मी सकाळी कारखान्याच्या कुंपणाकडेनं फिरायला जायचो. आत जंगल आहे. दारूची कोठारं एकमेकांपासून लांब ठेवावी लागतात, एक उडालं तर दुसऱ्याला लागू नये म्हणून, आणि मधल्या जागेत कोणाला फिरकू देत नाहीत. त्यामुळं तिथं साग वाढला, मोह वाढला, मोर आले, बिबटे आले. बाहेर आमच्या शहरानं रस्त्याकडेची सगळी जुनी झाडं तोडून उड्डाणपूल बांधला, तलाव बुजवून वसाहती केल्या, आणि आता मार्चमध्येच कूलर लावून सगळे विचारतात की इतकं ऊन कसं वाढलं. शहरातली सगळ्यात थंड हवा बारुदाच्या भोवती आहे. माणसाला भीती वाटेल अशीच जागा झाडांना मिळते, असं मी एकदा फिरायला येणाऱ्या मंडळींना म्हणालो. त्यांनी ते व्हॉट्सॲपवर टाकलं, खाली सूर्योदयाचं चित्र लावून. मला डोक्याला हात लावायची वेळ आली.

नात तिच्या शाळेसाठी पृथ्वी तापते आहे यावर निबंध लिहीत होती. मला विचारायला आली, ही चूक नक्की कोणाची? मी म्हणालो, कोणाचीच एकट्याची नाही, म्हणून तर कोणी थांबत नाही. ज्यानं झाड तोडलं त्याच्याकडं कागद होता, ज्यानं कागद दिला त्याच्यावर वरून विचारणा होती, आणि वरचा तीनच्या खेळाला गेला होता. तिनं पहिली दोन वाक्यं लिहून घेतली. तिसरं तिला कळलं नाही. टीव्हीवरच्या लढाया बघताना मला असंच वाटतं. तो कोटवाला देशांची आणि पुढाऱ्यांची नावं घेतो. मला त्या गोळ्यामागं एक टेबल दिसतं, आणि टेबलाशी एक बरा माणूस, ज्याला आज जरा लवकर घरी जायचं आहे.

बायको चार वर्षांपूर्वी गेली. ती असेपर्यंत मी तिला हे सांगितलं नाही. भीतीनं नाही. सिनेमा तिला बघायचा होता, आणि कळलं असतं तर तिनं तो दोष माझ्याकडून हिसकावून स्वतःकडं घेतला असता. त्या एका दुपारबद्दल ती म्हातारपणीसुद्धा सांगायची, की मी लग्नानंतर पहिल्यांदा थापा मारून तिला सिनेमाला नेलं. तिच्या आठवणीतली ती चांगली दुपार होती. ती मला मोडायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मेहुणा नागपूरहून आठवडाभर राहायला आला. काठी टेकत चालतो, एका कानानं कमी ऐकतो, तोफखान्यातल्या सगळ्यांचं तेच होतं. सकाळी दोघंच गच्चीत उन्हाला बसलो होतो. त्यानं फोनवर कुठल्याशा लढाईची बातमी लावली आणि तोफांकडं बघून काहीतरी कौतुकाचं म्हणाला. मी त्याच्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला आणि त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकून बसलो. सगळं सांगितलं. ठप्पा, पास, दहात एक, फोरमन, आणि सिनेमा. त्याच्या बहिणीनं माझा हात धरून "तो बघा" म्हटलं होतं तेही.

त्यानं काठी बाजूला ठेवली. मग विचारलं, "कोणता महिना म्हणता?"

"नोव्हेंबर. शेवटचा आठवडा."

तो बोटांवर मोजत राहिला. "नाही भाऊजी. तुमच्याकडून भाग निघणार, दुसरीकडं जुळणी, मंग भरणी, मंग डेपो, तिथून गाडीनं आमच्याकडं. तीन आठवड्यांत? शक्यच नाही. आम्ही वापरून राहिलो होतो तो जुना साठा होता. एक-दोन वर्षं आधीचा." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या चौघांत तुमचा हात नाही. मी सांगतो ना."

मी ढसाढसा रडलो. ऐंशी वर्षांचा माणूस, गच्चीत, भर उन्हात. त्यानं मला रडू दिलं. सुनेनं चहा आणून ठेवला आणि काही न विचारता खाली गेली. खूप वर्षांनी मला छातीत जागा झाल्यासारखं वाटलं. मी नाक पुसलं, चहा घेतला, साखर जास्त आहे म्हणून कुरकुरही केली.

तेव्हा त्यानं, बशीत चहा ओतता ओतता, अगदी सहज विचारलं, "मंग तुमचा तो माल गेला कुठं?"

"डेपोत पडला असेल," मी म्हणालो.

"गोळे काही डेपोत पडायले बनवत नाहीत, भाऊजी," तो म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.

पन्नासच्या वर वर्षं मी रोज एकच प्रश्न विचारत आलो होतो, की ते चार ट्रे माझ्या बायकोच्या भावाकडं तर गेले नाहीत ना. तिकडं गेले नसतील तर कोणाच्या भावाकडं गेले, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.